पाटी ठोकण्याआधी: व्हर्माँटमध्ये रानासकट घर घेणाऱ्यांसाठी

एसेक्स जंक्शनच्या चिप कारखान्यात नोकरी लागली, बर्लिंग्टनजवळ घर परवडेना, म्हणून जेरिको-अंडरहिलकडे दहा एकर रानासकट घर घेतलं, अशी आपली मंडळी आता दर एक-दोन वर्षांनी भेटतात. पहिला प्रश्न बर्फाच्या टायरचा. घ्या, चारही घ्या. विहिरीचा पंप, सेप्टिक टाकी वगैरे घर विकणारा दाखवेलच. मला सांगायचंय ते नोव्हेंबरबद्दल, कारण ते कोणी सांगत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी पहाटे तुमच्या मागच्या रानात एक अनोळखी माणूस बंदूक घेऊन उभा असेल. तो चोर नाही. तुम्ही काही केलं नसेल तर बहुधा त्याला तिथे उभं राहण्याचा हक्क आहे.

हे आपल्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. आपण सातबाऱ्याच्या मुलखातले, वीतभर बांध सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टात घालवणारे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्यांना शिकार म्हणजे गुन्हा एवढंच ठाऊक. इथलं मूळच वेगळं. व्हर्माँट अमेरिकेत सामील झालं १७९१ साली. त्याच्याही आधी, १७७७ च्या राज्यघटनेत, रहिवाशांना हंगामात स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही बंदिस्त नसलेल्या जमिनीवर शिकार करायची मुभा लिहून ठेवली. इंग्लंडात शिकार ही सरदार-जमीनदारांची मिरास होती, ते इथे नको होतं. ते कलम आजही आहे. शिकारबंदीची पाटी नाही म्हणजे रान खुलं. टेक्ससमध्ये याच्या बरोबर उलट, तिथे पाटी असो-नसो, मालकाच्या संमतीविना शिकार गुन्हाच. तेव्हा डॅलसच्या मेव्हण्याचा सल्ला इथे वापरू नका.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या वर्षी मी हार्डवेअरच्या दुकानातून ‘पोस्टेड’ (म्हणजे ‘इथे बंदी आहे’) छापलेल्या पिवळ्या पाट्या आणल्या आणि हात पोचेल अशा पाच-सहा झाडांवर ठोकल्या. रायफलने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला त्याच सकाळी मागच्या चढावर नारिंगी टोपीतला एक म्हातारा दिसला. मी पायजम्यावर, अंगात बायकोचा कोट, ओरडत वर गेलो. पोलिसांना बोलावतो म्हणालो आणि खरंच फोन केला. म्हाताऱ्याने शांतपणे बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि निघून गेला. दुपारी गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे कायदे सांभाळणारा सरकारी अधिकारी, आला, पाट्या बघत हिंडला, आणि माझीच शिकवणी घेतली.

शिकारीला बंदी घालायची तर पाटीवर तारीख हवी, तीही दरवर्षी नवी. टाऊन क्लर्ककडे, म्हणजे गावचं दप्तर सांभाळणाऱ्याकडे, नोंद हवी, दरवर्षी ५ डॉलर भरून. प्रत्येक कोपऱ्यावर पाटी हवी, आणि कडेने दोन पाट्यांमधलं अंतर ४०० फुटांपेक्षा जास्त नको. आकार साडेआठ बाय अकरा इंचांहून लहान चालत नाही. माझ्या पाट्यांवर तारीख नाही, नोंद नाही, मागची अख्खी कड मोकळी. नुसती तोरणं. आणि खरी गंमत पुढे आहे. पाटी असो-नसो, मालकाने समोर येऊन “इथून निघा” म्हटलं की शिकाऱ्याला निघावंच लागतं. म्हणजे जे काम एका शांत वाक्यात झालं असतं त्यासाठी मी पोलिसांपर्यंत गेलो.

तो म्हातारा आमच्या शेजारणीचा थोरला भाऊ निघाला. चाळीस वर्षं त्याच चढावर येत होता. आणि आमचा लांबलचक ड्राइव्हवे आदल्या हिवाळ्यात फुकट साफ करणारा ट्रॅक्टरवाला पोरगा त्या शेजारणीचा. त्या वर्षी ट्रॅक्टर आला नाही. कोणी भांडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही, फक्त ट्रॅक्टर आला नाही. डिसेंबरात बर्फ काढणारे सगळे आधीच बांधलेले असतात. जो मिळाला तो दर खेपेचे पैसे घ्यायचा, आणि त्या साली बर्फाला खंड नव्हता. एकूण आकडा मला तोंडपाठ आहे, बायको सांगू देत नाही.

बाहेरून आलेल्याला इथे ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात. हा शब्द रंगावर नाही, वागण्यावर आहे, असं माझं मत. बोस्टनच्या गोऱ्यालाही तो चुकत नाही. न्यू जर्सीहून येणारे आपले लोक आधी कॅमेरे लावतात, मग पाट्या, आणि मग गणपतीत भेटले की म्हणतात, इथले लोक मिसळत नाहीत हो. हिवाळ्यात स्नोमोबिलच्या वाटासुद्धा बहुतेक खासगी जमिनींवरून, मालकांच्या परवानगीनेच जातात. एकाने नाही म्हटलं की वाट तिथे तुटते, आणि कोणी तोडली ते गावाला कळतं.

शाकाहारी आहात, आपल्या जमिनीवर रक्त नको वाटतं? जरूर लावा पाट्या, हक्क आहे तुमचा. फक्त ऑक्टोबरच्या आधी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगा. मी पुढच्या वर्षी चिवड्याचा डबा घेऊन गेलो. म्हाताऱ्याला तिखट लागला, पण तो आता येण्याआधी फोन करतो.

स्वतः शिकारीला जायचं असेल तर आधी शिकारीचं प्रशिक्षण, मग परवाना. एच-१बीसारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद. तरी बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाशी बोला. पाटी नसलेल्या रानातही विचारून जा. जखमी हरीण पाटीच्या पलीकडे गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय मागे जाऊ नका.

रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) १२ दिवस आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि १६ दिवस चालतो, म्हणजे काही वर्षी दिवाळीच्या मागेपुढे. फराळाला आलेले पाहुणे फोटो काढायला रानात शिरतात. प्रत्येकाला नारिंगी जॅकेट द्या, कुत्र्यालासुद्धा. पांढरा रुमाल, पांढरे हातमोजे अजिबात नकोत. इथलं हरीण पळताना शेपटीची पांढरी बाजूच दाखवतं.

टाऊन क्लर्ककडे जाताना चेकबुक न्या. आमच्या गावात कार्ड घेत नाहीत, आणि शुक्रवारी ऑफिस बंद असतं.