क्योतोत मुक्काम कुठे करावा: आधी सकाळ ठरवा, मग खोली शोधा

क्योतोचं हॉटेल शोधताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: भाडं किती आणि स्टेशनपासून अंतर किती. मी आधी एक वेगळा प्रश्न विचारते. सकाळी सहा वाजता तुम्हाला चालत कुठे पोचायचंय?

क्योतो ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी होती. देवळं, बागा, जुन्या गल्ल्या इतक्या आहेत की आठवडा पुरत नाही. पण ओसाकाहून अर्ध्या तासात आणि टोकियोहून शिंकानसेन या वेगवान रेल्वेने सव्वादोन तासांत इथे येता येतं. त्यामुळे एका दिवसासाठी येणाऱ्यांची संख्या प्रचंड असते, आणि साधारण नऊ-दहापासून चार-पाचपर्यंत शहर त्यांचं असतं. पहाट आणि रात्र मात्र मुक्कामी माणसाची. भाडं आपण त्यासाठीच मोजतो.

पहिली पायरी: सकाळ निवडा

कियोमिझु-देरा हे डोंगरउतारावरचं मोठं मंदिर सकाळी सहाला उघडतं. फुशिमी इनारी या देवस्थानाच्या शेंदरी तोरणांची वाट रात्रंदिवस खुली असते. शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या अराशियामाच्या बांबूवनालाही दार नाही. याउलट किन्काकु-जी हे सोनेरी मंदिर नऊला उघडतं आणि त्याच्या जवळून रेल्वे जात नाही. म्हणून फक्त त्याच्यासाठी त्या भागात खोली घेण्यात अर्थ नाही.

आईला घेऊन गेले तेव्हा आम्ही हिगाशियामात, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याशी राहिलो होतो. साडेसहाला सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही दोघीच. दुकानांच्या लाकडी फळ्या लागलेल्या. एक आजी दारात बसून लाकडी पळीने बादलीतलं पाणी रस्त्यावर शिंपडत होत्या. आई थांबली आणि म्हणाली, "अगं, सडा घालतायत." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघीही कमरेत वाकून हसल्या. साडेदहाला त्याच पायऱ्यांवरून उतरलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसरी पायरी: भाग ठरवा

पहिल्यांदाच जात असाल आणि तीन-चार रात्री असतील, तर शिजो-कारासुमा ते कावारामाची हा मधला पट्टा घ्या. भुयारी रेल्वे आणि हान्क्यू रेल्वे हाताशी, निशिकी बाजार चालत, रात्री उशिरापर्यंत जेवणाची सोय. कामो नदीचा पूल ओलांडला की गिओन, म्हणजे गेइशांची जुनी वस्ती. पुलाजवळच्या केइहान रेल्वेने फुशिमी इनारी दहा मिनिटांच्या आत. मी पुन्हा गेले तर इथेच राहीन.

हिगाशियामा आणि गिओन सर्वांत सुंदर, पण चढ-उतार आणि पायऱ्या भरपूर. चाकांची बॅग दगडी रस्त्यावर ओढून बघा, मग कळतं. बस गर्दीच्या असतात आणि मोठी बॅग घेऊन त्यात शिरणं कुणालाच सुखाचं नसतं. गिओनमधल्या काही खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना प्रवेशबंदी आहे. तिथल्या गेइको-माइको, म्हणजे क्योतोच्या गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुली, कामाला निघालेल्या असतात, त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन धावू नका. त्या गल्लीत तुम्ही पाहुणे आहात.

स्टेशनजवळ राहणं सोयीचं आहे. कान्साई विमानतळावरून हारुका गाडी थेट इथे येते, नारा आणि हिमेजीला इथूनच जायचं, फुशिमी इनारी जेआर या रेल्वेने दोन स्थानकं. संध्याकाळी मात्र आजूबाजूला जुनं क्योतो फारसं भेटत नाही. एकच रात्र असेल किंवा पहाटेची गाडी असेल तर हाच भाग बरा.

अराशियामात रात्री विलक्षण शांतता असते, पण खानावळी लवकर बंद होतात. जेवण मुक्कामाच्या जागीच मिळणार असेल तरच तिथे राहा. हंगामात क्योतो भरलंच असेल तर जेआरने दहा मिनिटांवर बिवा सरोवराकाठी ओत्सू आहे. ओसाकात राहून रोज येण्यापेक्षा ते चांगलं.

तिसरी पायरी: छप्पर कसलं हवं ते ठरवा

रयोकान म्हणजे जपानी पद्धतीचं पाहुणघर: तातामीच्या चटया, जमिनीवर फुतोनची गादी, सामायिक गरम पाण्याचं स्नानगृह आणि बहुतेकदा रात्रीचं जेवण व न्याहारी. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. भाडं सहसा खोलीचं नसून माणशी असतं. जेवणाची वेळ ठरलेली असते, साधारण सहा-सातची, त्यामुळे ज्या दिवशी उशिरा पोचणार तो दिवस रयोकानला देऊ नका. आणि गुडघेदुखी असेल तर खुर्ची व पलंग असलेली खोली आधीच मागा. आमच्या पहिल्या रात्री आईला फुतोनवरून उठवायला मला दोनदा हात द्यावा लागला. ते मी आधी विचारायला हवं होतं.

माचिया म्हणजे जुनं लाकडी व्यापारी घर, दर्शनी बाजू अरुंद आणि आत लांबच लांब. तिथले लोक त्याला 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. चार-पाच जणांच्या कुटुंबाला अख्खं घर मिळतं, स्वयंपाकघर मिळतं, थालीपीठ लावता येतं. पण जिना शिडीसारखा उभा असतो. झोपायच्या खोल्या माडीवर आहेत का, हे फोटोत नीट बघा. भिंती पातळ असतात, तेव्हा रात्री आवाज खाली ठेवा.

बिझनेस हॉटेल स्वस्त, स्वच्छ आणि लहान. दोघांनी जाताना 'सेमी-डबल' हा शब्द दिसला की थांबा. तो पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो. त्यापेक्षा 'ट्विन', म्हणजे दोन वेगळे पलंग, घ्या.

आता शाकाहाराबद्दल, कारण आपल्या लोकांची खरी अडचण इथेच होते. जपानी रस्सा आणि सार ज्या 'दाशी'वर उभं असतं, त्यात बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या चकत्या असतात. तुम्ही 'व्हेज' म्हणालात तर मांस काढतील, पण दाशी राहील. म्हणून बुकिंग करतानाच लिहा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको. आयत्या वेळी सांगून उपयोग होत नाही, स्वयंपाकाची तयारी आधीच झालेली असते. बौद्ध मठांतलं 'शोजिन र्‍योरी' हे जेवण मात्र पूर्ण शाकाहारी असतं आणि परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो. चिओन-इन आणि निन्ना-जी या मंदिरांची स्वतःची निवासस्थानं आहेत. तिथे राहिलात तर पहाटेच्या प्रार्थनेला जरूर बसा. जेवणात काय असेल ते आधी विचारून घ्या.

चौथी पायरी: तारखा आणि पैसे

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पानं, या दोन हंगामांसाठी पाच-सहा महिने आधी खोली घ्या, तीही रद्द करता येईल अशी. जुलैत गिओन मात्सुरी या उत्सवाच्या मोठ्या मिरवणुका १७ आणि २४ तारखेला असतात, १६ ऑगस्टला रात्री डोंगरांवर अग्नी पेटवतात. त्या आसपासही गर्दी असते, आणि उकाडा मुंबईकरालाही नको होईल असा.

शहराचा मुक्काम-कर वेगळा भरावा लागतो, माणशी दर रात्रीला. १ मार्च २०२६ पासून माणशी भाडं ६,००० येनच्या आत असेल तर २०० येन, २०,००० च्या आत ४००, ५०,००० च्या आत १,०००, एक लाखाच्या आत ४,००० आणि त्यापुढे १०,००० येन. चार जणांचे चार मुक्काम धरले की आकडा बराच होतो, तेव्हा तो हिशेबात घ्या.

पाचवी पायरी: पैसे भरण्याआधी

खासगी घर असेल तर जाहिरातीत परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का बघा. २०१८ च्या कायद्याने अशा घरगुती मुक्कामाला वर्षात १८० दिवसांची मर्यादा आहे, आणि क्योतोने निव्वळ निवासी भागांत ती मुख्यतः जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच आणली आहे. क्रमांक नसेल तर सोडून द्या.

शेवटी पत्ता जपानी लिपीत कागदावर उतरवून घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला. क्योतोचे पत्ते दोन रस्त्यांच्या चौकावरून सांगतात आणि त्यापुढे एक शब्द येतो. 'आगारु' म्हणजे चौकातून उत्तरेकडे, 'सागारु' म्हणजे दक्षिणेकडे, 'हिगाशी-इरु' पूर्वेला आणि 'निशी-इरु' पश्चिमेला. 'कारासुमा-शिजो आगारु' असं दिसलं तर कारासुमा आणि शिजो यांच्या चौकात उभं राहा, उत्तरेकडे तोंड करा आणि चालायला लागा.