राजगड ते तोरणा: डोंगरधारेवरून एकट्याने धावताना

पुण्याहून पहाटे निघून गुंजवण्यातून राजगड चढावा, संजीवनी माचीवरून डोंगरधारेने धावत तोरणा गाठावा आणि ऊन तापण्यापूर्वी वेल्ह्यात उतरावे, हा बेत आखायला सोपा आहे. परंतु या दहा-बारा किलोमीटरच्या धारेवर एकट्या माणसाचा पाय मुरगळला, तर मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून ही वाट निदान एकदा सोबत्यांबरोबर चालून झाल्याशिवाय तिच्यावर एकट्याने धावू नये, असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी योग्य. पावसाळ्यात धुके उतरले की मुख्य वाट आणि ढोरवाटा यांतला फरक डोळ्यांना कळत नाही.

वेळेचा हिशेब घरीच मांडावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नुसत्या धारेसाठी १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ धरला, तर सुमारे साडेतीन तास होतात. धावणारा याहून लवकर पोहोचेल. तरीही घरच्यांना कळवायची वेळ याच हिशेबाने ठरवावी आणि त्यात विश्रांतीचा तास मिळवावा. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर ११२ वर आणि वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात कळवायचे, हे घरी लिहून ठेवावे, कारण धारेवर मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

पाणी अडीच ते तीन लिटर बरोबर असावे. राजगडावरून निघाल्यावर तोरण्यापर्यंत धारेवर खात्रीचे पाणी नाही, आणि गडावरील टाक्यांचे पाणी गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकूनच प्यावे. मी एका मार्चमध्ये दीड लिटरवर निघालो होतो. धारेवरच्या वाटेत लागणाऱ्या खिंडीत पोहोचेपर्यंत बाटल्या रिकाम्या झाल्या आणि मी तिथूनच परतलो.

ही खिंड म्हणजे संपूर्ण धावेतील निर्णयाची जागा. इथे डांबरी रस्ता धारेला छेदून जातो, त्यामुळे वाटेत बाहेर पडण्याची सर्वांत सोपी सोय इथेच आहे. थांबून बसावे, घड्याळ पाहावे, उरलेले पाणी मोजावे आणि दोन्ही पायांवर उड्या मारून घोटे व गुडघे तपासावेत. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला असेल, पाणी लिटरभरापेक्षा कमी असेल किंवा डोके दुखत असेल, तर रस्त्याने वेल्ह्याकडे उतरावे. हे निकष घरूनच ठरवून यावेत, कारण समोर तोरणा दिसत असताना मन स्वतःची समजूत फार लवकर घालते.

संजीवनी माचीखालच्या उतारावर मुरमाचा घसारा आहे. तिथे पावले आखूड टाकावीत आणि टाचेवर जोर देऊ नये. तोरण्याच्या बुधला माचीखालच्या खड्या चढावर धावणे पूर्ण थांबवून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. आग्या मोहोळे कड्यांना असतात, त्यामुळे अत्तर लावू नये आणि आरडाओरडा टाळावा.

तोरण्यावरून बिनी दरवाजाची वाट उतरताना थकलेले पाय घसरतात, म्हणून कठड्यांचा आधार घेत चालतच उतरावे. वेल्ह्यात पोहोचल्यावर चहाच्या आधी घरी फोन करावा.