चिकन विंग्जसाठी यांगन्योम सॉस

कोरियात तळलेल्या चिकनला जो चकचकीत लाल, गोड-तिखट सॉस लावतात, त्याला यांगन्योम म्हणतात. हा काही पुरातन पदार्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळलेले चिकन तिथे लोकप्रिय झाल्यावर तो रूढ झाला आणि त्यात टोमॅटो केचप बिनदिक्कत पडते. त्याचा प्राण मात्र गोचुजांग आहे. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ एकत्र करून महिनोन्महिने मुरवलेला हा दाट मसाला असतो. त्याऐवजी शेजवान चटणी घातल्यास सॉस तिखट होईल, पण मुरलेपणाची चव येणार नाही. म्हणून डबा विकत आणणेच इष्ट.

एक किलो विंग्जसाठी गोचुजांग आणि केचप प्रत्येकी तीन मोठे चमचे, मध किंवा कॉर्न सिरप चार मोठे चमचे, सोया सॉस, साखर आणि तांदळाचे व्हिनेगर प्रत्येकी एक मोठा चमचा, पाव वाटी पाणी, लसणाच्या सहा पाकळ्या आणि अर्धा इंच आले घ्यावे. रंग अधिक गडद हवा असल्यास चमचाभर गोचुगारू, म्हणजे कोरियन मिरचीपूड, घालावी. ती नसेल तर आपली बेडगी चालते, कारण तिचाही रंग भडक आणि तिखटपणा बेताचा असतो. वरून मीठ घालू नये, कारण सोया सॉस आणि गोचुजांग दोन्ही खारट असतात.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चमचाभर तेलावर बारीक चिरलेला लसूण आणि किसलेले आले मंद आचेवर परतावे. लसूण तांबूस होऊ लागला की कडवटपणा येतो, म्हणून वास सुटताच व्हिनेगर सोडून बाकीचे सर्व जिन्नस घालावेत. मिश्रण सतत ढवळत राहावे, कारण साखर आणि मसाला दोन्ही बुडाला पटकन लागतात. सुरुवातीचे लहान, फेसाळ बुडबुडे चार-पाच मिनिटांत मोठे व संथ होतात आणि चमच्याच्या पाठीवर ओढलेली बोटाची रेघ तशीच राहते; तेव्हा आच बंद करून व्हिनेगर मिसळावे. एकतारी पाकाची वाट पाहू नये, कारण निवल्यावर सॉस आणखी दाटतो आणि फार आटवलेला सॉस विंग्जवर चिवट होऊन बसतो.

विंग्ज बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून दोनदा तळावेत: प्रथम सुमारे १६० अंश सेल्सिअसला पूर्ण शिजेपर्यंत आणि थोड्या विश्रांतीनंतर १८० ते १९० अंशांना कुरकुरीत होईपर्यंत. सॉस कोमट आणि विंग्ज गरम असताना, पानात वाढण्याच्या अगदी आधी, रुंद भांड्यात दोन्ही हलक्या हाताने घोळवून वर भाजलेले तीळ भुरभुरावेत. विंग्जचा स्पर्श न झालेला सॉस स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. पुन्हा वापरताना चमचाभर पाणी घालून मंद आचेवर सैल करून घ्यावा.