मोहोळ फुटतंय की घर सोडतंय?

दोन-तीन दिवस मळभ राहिलं आणि मग सकाळी लख्ख ऊन पडलं, की दहाच्या सुमारास परसातल्या मधमाशांच्या पेटीकडे एक फेरी मारा. काजू आणि हापूस मोहोरलेले असतात, पराग भरपूर येत असतो, आणि मळभात अडकून पडलेला थवा बहुधा अशाच दिवशी बाहेर पडतो. ‘बहुधा’ म्हणते, कारण सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी माशीचा, नेम नाही. माशांनी भरलेल्या आठ चौकटींची पेटी अख्खा हंगाम शांत बसली आणि शेजारची पाच चौकटींची फुटली, म्हणजे निम्म्या माशा थव्यानं निघून गेल्या, असं आमच्याच आगरात झालंय.

तेव्हा पंचांग बघू नका, पेटी उघडून बघा. दर आठवड्याला बघा, कारण नवी राणी वाढते त्या राणीघरात अंडं पडल्यापासून साधारण आठव्या दिवशी ते बंद होतं आणि जुनी राणी निम्म्याशिम्म्या माशा घेऊन निघते तीही त्याच सुमारास. त्याआधी वाढतात ती नरघरं, म्हणजे नर माशा वाढतात ती घरं. कामकरीच्या घरापेक्षा मोठी, झाकण टोपीसारखं वर आलेलं, आणि टोपीच्या टोकाला सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक. ते पाहून नवशिके कीड लागली म्हणून चौकटच कापून टाकतात. कीड नाही ती, सातेरीच्या नरघराला तसं भोक असतंच. नर दिसले म्हणजे तयारी चालू आहे एवढंच समजा. खरी खूण पोळ्याच्या खालच्या कडेला मिळते, भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी राणीघरं.

याउलट, अंडी नाहीत, अळ्या नाहीत, मध तळाला गेलाय आणि माशा मोकळ्या पायांनी परत येताहेत, तर ते मोहोळ फुटणार नाही. ते घर सोडणार आहे, सगळंच्या सगळं. मुंग्या, मेणकिडा, दुपारचं ऊन किंवा आपणच हावरटपणानं काढलेला सगळा मध, यांतलं काहीतरी कारण असतं. अशा पेटीला संध्याकाळी साखर आणि पाणी समप्रमाणात द्या, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, माशांनी सोडलेली काळी पोळी काढा, वर झापाची सावली करा. दोन्ही प्रकारांत गल्लत फार होते. घर सोडायला निघालेल्या अशक्त वसाहतीचं विभाजन केलं की एका पेटीऐवजी दोन पेट्या मोकळ्या होतात.

फुटणाऱ्या पेटीतली राणीघरं कापत बसणं मी सोडून दिलंय. कोपऱ्यातलं एखादं हमखास राहतं आणि तेवढं त्यांना पुरतं. त्यापेक्षा आपणच आधी वाटणी करावी. जुनी राणी, बंद पिल्लांच्या दोन-तीन चौकटी आणि मधाची एक, माशांसकट नव्या पेटीत घ्या. जुन्या पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवा, बाकीची काढा, नाहीतर मागून आणखी छोटे थवे निघतात. बाहेर हिंडणाऱ्या माशा जुन्या जागीच परततील, म्हणून नव्या पेटीत माशा थोड्या जास्तच झटका आणि पहिले काही दिवस तिला साखरपाणी द्या. ते बाहेर सांडू देऊ नका, दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात.

आणि थवा निघालाच, तर थाळ्या बडवून काही होत नाही, शेजारी तेवढे जमतात. जवळच्या फांदीवर लटकेपर्यंत थांबा. पोट भरून निघालेल्या माशा सहसा चावत नाहीत, तरी जाळी घाला. टोपलीला आतून जुन्या पोळ्याचं मेण चोळा, ती थव्याच्या वर उपडी धरा आणि खालून हलका धूर द्या. माशा अंधाराकडे, वर चढतात. मावळतीला त्यांना पेटीत घेताना उघड्या अळ्यांची एक चौकट आत ठेवाच. पिल्लं सोडून त्या सहजी जात नाहीत. नुसत्या रिकाम्या पेटीतला थवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उडालेला मी पाहिलाय.

थवा खाली बसावा म्हणून पाण्याचा बारीक शिडकावा करतात. एका वर्षी मी त्यासाठी तुडतुड्यांच्या औषधाचा पंप विसळून वापरला. संध्याकाळी फणसाखाली मेलेल्या माशांचा सडा होता. दोन वेळा विसळला होता, पण तेवढ्यानं भागत नाही. पाण्याचा पंप वेगळाच हवा. मोहोरावर फवारणी अगदीच टाळता येत नसेल तर माशा परतल्यावर करा, आणि शेजारच्या कलमवाल्यालाही तसं सांगून ठेवा.

थवा आग्याचा असेल तर यातलं काहीही करायचं नाही. लांबून बघायचं, पोरांना आणि गुरांना आत घ्यायचं. कुणाला डंखानंतर दम लागला किंवा अंगभर गांध्या उठल्या, तर घरगुती लेपात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

राणीघर ठेवलेली जुनी पेटी मात्र दोन आठवडे उघडू नका. कोवळी राणी मीलनाला बाहेर जाते, येते, तेवढ्यात आपण घोळ घातला तर सगळं फसतं. अंडी साधारण तिसऱ्या आठवड्यात दिसतील. तोवर चैन पडत नसेल तर सकाळी चहाचा कप घेऊन दाराच्या बाजूला बसा आणि किती माशा पायाला पराग लावून येताहेत ते मोजा.