थ्रिलरमधला हिरो मनातून तुटतो तो सीन कसा लिहायचा – माझा अनुभव

नवीन लिहिणाऱ्यांसाठी सांगतेय, कारण ही चूक मी बरेच दिवस करत होते. माझ्या पहिल्या कथेत हिरो पीएसआय, त्याच्या बहिणीचा खून होतो आणि तो भडकून आरोपीला गोळी घालतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत केली, म्हणाले, "अहो, ह्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं, मग ह्याचं स्वतःचं काय मोडलं?" वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. रागाच्या भरात केलेलं वाचक लगेच माफ करतो.

मग 'नरो वा कुंजरो वा' नीट वाचलं. आपण बोलताना सहज वापरतो पण त्याची बांधणी बघा ना, भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती आधी खरंच मारला, म्हणजे खोटं बोलायची सोय आधीच करून ठेवलेली, आणि द्रोणांनी विचारलं तेही युधिष्ठिरालाच, कारण हा खोटं बोलणार नाही ह्याची खात्री! ज्या गुणावर सगळ्यांचा भरवसा, तोच गुण कामाला लावला. आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. बास, एवढंच.

कथा परत लिहायला घेतली. काळ 1998 धरला, म्हणजे सीसीटीव्हीची भानगड नाही. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. माझ्या हिरोला पळवलेली पोरगी शोधायला जास्तीचे तास हवेत. आता महत्त्वाचं, सरळ रस्ता बंद करू नका. तो दुसऱ्या दिवशी कोर्टात पोलीस कोठडी मागू शकतो, हे त्याला माहितीये आणि वाचकालाही आधीच सांगून ठेवा. पर्याय असूनही तो दुसरीकडे वळला तरच ते त्याचं स्वतःचं होतं, नाहीतर परिस्थितीने करायला लावलं म्हणून सुटतो तो.

आणि तो जे मोडणार ते सुरुवातीला त्याच्याच तोंडून येऊ द्या. माझा पीएसआय सुरुवातीलाच नव्या कॉन्स्टेबलला झापतो, "डायरीत वेळ चुकली तर माझ्यासमोर यायचं नाही." मग त्या रात्री, माणूस दुपारी चारपासून आत बसलेला असताना, हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि स्टेशन डायरीत अटकेची वेळ लिहितो 21.30. अक्षर नेहमीसारखंच, सुबक. हात वगैरे थरथरत नाही, प्लीज ते लिहू नका.

पहिल्या ड्राफ्टमध्ये ह्यानंतर त्याच्या पश्चात्तापाचं दीड पान होतं. सगळं काढून टाकलं. त्याऐवजी तो कॉन्स्टेबल आपली वही घेऊन येतो आणि विचारतो, "साहेब, मी पण हीच वेळ धरू ना?"

साहेब पेनला टोपण लावतात आणि म्हणतात, "हो."