परकी भाषा शिकताना ती शिकवायलाही शिका: विद्यापीठातल्या अभ्यासाची आखणी

परकी भाषा आणि तिचं अध्यापन असा जोड अभ्यासक्रम घेतला की अंगावर दोन कामं येतात: स्वतः भाषा शिकणं आणि ती दुसऱ्याला कशी येते हे समजून घेणं. बरेच विद्यार्थी ठरवतात, आधी भाषा पक्की करू, शिकवण्याचं शेवटच्या वर्षी बघू. इथेच मोठं नुकसान होतं. एखादी गोष्ट आपल्याला का अवघड गेली होती, हे ती जमायला लागल्यावर काही महिन्यांतच विसरायला होतं, आणि शिक्षकाला नेमकं तेच आठवावं लागतं. म्हणून दोन्ही कामं पहिल्या सत्रापासून बरोबरीने चालवा.

प्रवेशाआधी तासांचा हिशेब

अभ्यासक्रमाची पुस्तिका घ्या आणि प्रत्यक्ष भाषेचे तास मोजा. आठवड्याला ६ तास, सत्राचे १५ आठवडे आणि एकूण ६ सत्रं धरली तर ५४० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० वर्गतास धरते. जपानी, चिनी, कोरियन आणि अरबीला सुमारे २२००. म्हणजे स्पॅनिश घेणाऱ्याला वर्गाइतकाच घरचा अभ्यास पुरू शकतो. जपानी घेणाऱ्याला वर्गाच्या तिप्पट तास स्वतःचे घालावे लागतील, हे आधीच मान्य करून वेळापत्रक आखा.

मराठी भाषकाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीचं काम करणारे शब्द नामाच्या मागून येतात, त्यामुळे वाक्यरचना आपल्याला लवकर पटते. वेळ खाते ती कांजी, म्हणजे जपानी लेखनातली चिनी चिन्हं. नेहमीच्या वापरातल्या अधिकृत यादीतच २१३६ चिन्हं आहेत.

विभागाला तीन गोष्टी विचारा. पदवीच्या शेवटी विद्यार्थ्याने कोणती पातळी गाठणं अपेक्षित आहे? सराव पाठ किती, आणि ते खऱ्या वर्गात घ्यायचे की फक्त सहाध्यायांसमोर? पाठ बघून अभिप्राय कोण देतं? पातळी सांगताना बहुतेक जण युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए१ ते सी२ ही सहा पायऱ्यांची चौकट वापरतात. बी२ला बऱ्याच विषयांवर फारसं न अडखळता स्वतःचं म्हणणं मांडता येतं. वर्गात उभं राहून आयत्या वेळी तीन वेगळी उदाहरणं सुचायला मात्र सी१च्या जवळ जावं लागतं. प्रमाणपत्रावर डोळे मिटून विसंबू नका. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा आणि लिहिण्याचा भागच नसतो, त्यामुळे वरची पातळी पास झालेला विद्यार्थीही वर्गात गप्प होऊ शकतो.

उच्चार पहिल्या सहा आठवड्यांत

उच्चार नंतर सुधारू म्हटलं की तो सहसा सुधारत नाही, कारण चुकीच्या उच्चारासकट हजारभर शब्द पाठ झालेले असतात. इथे मराठीचा फायदा करून घ्या. चिनीच्या रोमन लेखनातलं ‘बी’ हे अक्षर आपल्या ‘प’च्या जवळ आहे, आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला महाप्राण ‘फ’. ‘बीजिंग’चा मूळ उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो तो यामुळेच. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्या कानाला लहानपणापासून माहीत आहे. इंग्रजीच्या वाटेने शिकलात तर तो हातचा घालवाल. फ्रेंचमधल्या ‘चंद्र’ या अर्थाच्या शब्दातला ‘ल्यू’ काढायला ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता फक्त ओठ गोल करा. दिवसाला दहा मिनिटं ध्वनिमुद्रण ऐका, एक वाक्य थांबवून म्हणा, स्वतःचं मुद्रण करा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका. नुसतं म्हणत राहिलात तर स्वतःची चूक ऐकू येत नाही.

चुकांची वही

पूर्ण अभ्यासक्रमात एकच गोष्ट नेमाने करायची असेल तर ही करा. चार रकाने आखा: मी काय म्हटलं, काय म्हणायला हवं होतं, चूक कशामुळे झाली, आणि ती कशाने सुटली. आठवड्याला दहा नोंदी पुरेत.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. एक उदाहरण बघा. ‘मी तीन वर्षांपासून जर्मन शिकतोय’ हे जर्मनमध्ये वर्तमानकाळातच सांगतात: ‘इश लेर्ने झाइट द्राय यारेन डॉइच’. मराठीतही वर्तमानकाळच आहे. तरीही अनेक जण तिथे ‘शिकलो आहे’सारखं पूर्ण काळाचं रूप घालतात, कारण डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं. ही चूक मराठीमुळे झालेली नाही, इंग्रजीमुळे झाली आहे, आणि हे कळलं की उपायही बदलतो. उलट जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. तिथे मात्र मराठी आड येते.

एकदाच झालेली चूक घाईची असू शकते. तीच तीनदा दिसली तर डोक्यातला नियमच वेगळा आहे असं समजा. भाषाअभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हा फरक मांडला आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली शिकणाऱ्याच्या अशा मधल्या भाषेला ‘आंतरभाषा’ म्हटलं. द्वितीय भाषासंपादनाच्या, म्हणजे दुसरी भाषा कशी येते याच्या, पेपरात या दोघांची नावं येतील तेव्हा तुमच्या वहीतच दाखले तयार असतील.

शब्दांचं थोडक्यात: रोज दहा नवे, प्रत्येक पूर्ण वाक्यात, उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि सोळाव्या दिवशी. उजळणीचा ढीग साचला तर आठवडाभर नवे शब्द बंद ठेवा, ढीग टाकून देऊ नका.

पाठाचं टाचण

पाठ फसतो तो बहुतेक वेळा टाचणातच. ‘भूतकाळ शिकवणे’ हे उद्दिष्ट होत नाही. पाठ संपल्यावर विद्यार्थी काय करू शकेल ते लिहा. समजा परभाषकांना मराठी शिकवायची आहे: ‘काल काय वाचलं, काय पाहिलं, हे तीन वाक्यांत सांगता येईल.’

आता अडचणी वेगळ्या करा. ‘तिने चिठ्ठी लिहिली’ या वाक्यात नवख्याला दोन गाठी एकदम सोडवाव्या लागतात: कर्त्याला लागणारा ‘ने’ आणि कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद. ‘मी’ आणि ‘तू’ला हा ‘ने’ लागत नाही. म्हणून पहिला पाठ फक्त ‘मी’चा घ्या: मी लेख वाचला, मी बातमी वाचली, मी पुस्तक वाचलं. एकच गाठ उरते. ‘ने’ पुढच्या पाठाला.

४५ मिनिटांची वाटणी अशी:
५ मिनिटं: नऊ नामांची लिंगासह उजळणी.
१० मिनिटं: सहा-सात ओळींचा उतारा, आधी ऐकणं, मग वाचणं.
५ मिनिटं: क्रियापदाचा शेवट का बदलतो ते विद्यार्थ्यांनीच शोधायचं.
१० मिनिटं: चित्रांवरून वाक्यं.
१२ मिनिटं: जोडीत एकमेकांना विचारणं.
३ मिनिटं: फळ्यावर दोन-तीन चुका, नावं न घेता.

जोडीच्या कामात कोणीतरी ‘मी गेलं’ म्हणणारच, कारण जाणं-येणं ही कालच्या दिवसात पहिली सुचणारी क्रियापदं, आणि ती कर्त्याप्रमाणे चालतात. ‘बोलणे’ आणि ‘शिकणे’ही तशीच: मी मराठी शिकलो, शिकले. त्यामुळे कार्डांवर वाचणं, लिहिणं, पाहणं, ऐकणं एवढीच क्रियापदं ठेवा. हा सापळा आधी दिसला तर पाठ वाचतो, ऐन वर्गात दिसला तर उरलेला वेळ अपवाद समजावण्यात जातो.

वर्गात उभं राहिल्यावर

प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. नवे शिक्षक एका सेकंदातच उत्तर सांगून मोकळे होतात. सूचना दिल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे मान डोलावतात. एका जोडीला सर्वांसमोर करून दाखवायला सांगा.

चूक दुरुस्त करताना शिक्षक सहसा बरोबर वाक्य स्वतःच म्हणून पुढे जातात. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या निघाल्या, आणि मुलांचा प्रतिसाद त्यांनाच सर्वांत कमी होता. कारण सरळ आहे: मुलांना ते संमतीसारखं ऐकू येतं. त्याऐवजी ‘मी बातमी वाचला’ हे वाक्य ‘मी बातमी…’पर्यंत म्हणा आणि थांबा. शेवट विद्यार्थ्याला पूर्ण करू द्या. गोष्ट सांगण्याच्या ओघात असेल तर मात्र मध्ये तोडू नका, चूक कागदावर टिपून ठेवा.

प्रत्येक सराव पाठाचं ध्वनिमुद्रण करा आणि घड्याळ लावून स्वतःच्या बोलण्याची मिनिटं मोजा. सुरुवातीला पाऊण वर्ग आपणच बोललो असं निघालं तर घाबरू नका, पुढच्या टाचणात एकच स्पष्टीकरण निम्मं करा. दुसऱ्यांचे पाठ बघायला जाल तेव्हा ‘छान घेतला’ असे शेरे लिहू नका. मागच्या बाकावरच्या एकाच विद्यार्थ्याकडे लक्ष ठेवा आणि पूर्ण तासात त्याने शिकवल्या जाणाऱ्या भाषेतली किती वाक्यं तोंडाने म्हटली ते मोजा. आकडा शून्य निघाला तर तास कुठे सुटला ते टाचणाशी ताडून बघा: सूचना कळली नव्हती, जोडीदाराने एकट्याने काम उरकलं, की वेळच उरला नव्हता. कारण टिपा आणि आपल्या पुढच्या टाचणात त्या जागी खूण करून ठेवा.