पाइनवुड डर्बी घेताय? आधी काटा ठरवा

यंदा ज्यांच्याकडे आपापल्या पॅकच्या (कब स्काउटच्या स्थानिक गटाच्या) पाइनवुड डर्बीचं काम आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. पाइनवुड डर्बी म्हणजे किटमधल्या लाकडी ठोकळ्यातून मुलांनी बनवलेल्या छोट्या गाड्या उतरत्या ट्रॅकवरून पळवायची शर्यत. इथे अमेरिकेत कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटमध्ये, मुलं घातलेली मराठी घरं बरीच आहेत, आपण हौसेने हो म्हणतो, पण ही शर्यत आपण लहानपणी कधी बघितलेली नसते त्यामुळे वाद नेमका कुठे पेटतो ते कळत नाही. हॉल, पिझ्झा, ट्रॉफ्या, माइक हे सगळं होतं बरोबर, त्यावर शब्द घालवत नाही.

पहिलं म्हणजे वजनकाटा. मर्यादा ५ औंस, म्हणजे जेमतेम १४१.७ ग्रॅम. गाडीला इंजिन नाही, उतारावरून जे मिळेल तेवढंच, आणि जड गाडीला हवेचा फटका त्या मानाने कमी बसतो, म्हणून प्रत्येक घर बरोब्बर ५ ला भिडायला बघतं. गेल्या वेळी कुठला काटा धरायचा हे मी आधी सांगितलंच नव्हतं. सगळे आपापल्या किचनच्या काट्यावर पाच करून आले आणि आमच्या टेबलावर कितीतरी गाड्या जास्त भरल्या. एका मुलीने इतकी छान रंगवलेली गाडी, तिच्यासमोर उलटी करून पोटात ड्रिल मारावं लागलं, ती बघत उभी. आणि मग रांग वाढली तशा मागच्या काही गाड्या थोड्या जास्त असूनही "असू दे" म्हणून सोडल्या गेल्या. म्हणजे जिने नियम पाळला तिच्या गाडीला भोक, आणि उशिरा आलेल्यांना सूट. हे परत होता कामा नये.

तर काटा एकच. कुठला ते किट वाटतानाच सांगा, मेसेजमध्ये फोटो टाका, आणि तोच काटा शर्यतीच्या आधीच्या मीटिंगला टेबलावर ठेवा म्हणजे ज्याला त्याला येऊन वजन करता येईल. दोन दशांश स्थळं दाखवणारा घ्या, कारण एकच स्थळ दाखवणारा काटा ५.०४ ला पण ५.० म्हणतो आणि पुढच्या टेबलावर भांडण उभं राहतं. काटा खरा आहे का ते बघायला निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, वापरा, एक निकेल ५ ग्रॅमचा असतो, कोरे करकरीत २८ ठेवले की १४० ग्रॅम दिसायला हवेत. सपाट टेबल, हीटरच्या झोतापासून लांब. घरचा काटा काय म्हणाला यावर चर्चा नाही, हे वाक्य नियमात लिहूनच टाका.

नियम एका पानावर, किटबरोबर हातात. तोंडी नको. लांबी ७ इंच, रुंदी पावणेतीन, चाकांच्या मध्ये पावणेदोन, खाली ३/८ इंच मोकळं, हे बहुतेक पॅकमध्ये असंच असतं. खरी कटकट बारीक गोष्टींची. ठोकळ्यात आसांच्या खाचा आधीच पाडलेल्या असतात, त्या सोडून नव्या पाडल्या तर चालेल का? चाकं घासून हलकी केली तर? बाजारात तयार पॉलिश केलेले आस मिळतात, ते? माझं मत सरळ आहे, किटमधलीच ४ चाकं आणि आस म्हणून किटमधलेच ४ खिळे, खिळे पॉलिश करा हवे तितके, चाकाला हात नाही. तुमच्या पॅकला वेगळं वाटलं तर वेगळं ठरवा, पण लिहा. वंगण फक्त कोरं ग्राफाइट, तेल नाही.

आता बाबांनी बनवलेल्या गाड्या. यावर लोक फार तावातावाने बोलतात. डॉन मर्फी यांनी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला हे सुरू केलं ते मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून काहीतरी करावं म्हणूनच, तेव्हा मदतीवर बंदी घालण्यात अर्थ नाही. करवत मोठ्यांच्या हातात, सँडपेपर, रंग, चाकं बसवणं मुलांच्या हातात, इतकं सांगा. ज्या घरात हत्यारं नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक शनिवार कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्कशॉप ठेवा, ठोकळे कापून द्या, मागच्या आसाच्या थोडं पुढे वजन भरायचं हे सगळ्यांना एकदम सांगा, म्हणजे ती गोष्ट दोन-चार घरांचं गुपित राहत नाही. आणि हो, काटा तिथेही न्या. तोच काटा! ज्या बाबांना स्वतःलाच पळवायचीय त्यांच्यासाठी आणि भावंडांसाठी वेगळी ओपन रेस ठेवा, मुलांची शर्यत मोकळी होते.

तपासणी शक्यतो आदल्या संध्याकाळी. लाकडी पट्ट्यांची ७ बाय पावणेतीनची चौकट करून ठेवा, गाडी आत बसली की माप झालं, टेप घेऊन वाद घालत बसावं लागत नाही. बाजूला दुरुस्तीचं टेबल, त्यावर ड्रिल, गोंद, वजन वाढवायला टंगस्टन पुट्टी. पण काटा आधीपासून ठाऊक असला तर या टेबलावर गर्दीच होत नाही, म्हणून परत परत सांगतेय. जास्त भरली तर कमी करायची, मग ती कुणाचीही असो, रांग कितीही असो, माझ्या मुलाची असली तरी. ग्राफाइट घालायचं ते जमा करायच्या आधी. जमा झाली की गाडी पॅकच्या ताब्यात, कुणी हात लावायचा नाही.

शर्यतीचा दिवस. प्रत्येक गाडी ट्रॅकच्या प्रत्येक लेनवर एकदा पळालीच पाहिजे, कारण सगळ्या लेन सारख्या नसतात, कुठे जोड वर आलेला असतो. एक हरला की घरी, असं अजिबात नको. निकाल सेन्सरच्या टायमरवर, डोळ्यांवर नाही. फेऱ्या आणि निकाल सांभाळणारं डर्बीनेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आदल्या रात्री चालवून बघा. सुरुवातीच्या गेटवर गाड्या लावणाऱ्याने स्वतःच्या मुलाची गाडी लावू नये. गाडी लेनमधून उडाली तर ती फेरी परत, चाक निघालं तर दुरुस्तीला किती मिनिटं, दोन्ही नियमांच्या पानावर. बॅटऱ्या, एक्स्टेंशन कॉर्ड, चिकटपट्टी जवळ ठेवा. शेवटी वेळांचा तक्ता प्रिंट करून भिंतीवर लावा, पालकांना बघू दे, शंका असेल तर तेव्हाच विचारू दे, आणि मगच ट्रॉफ्या वाटा.